किरायाच्या खोल्या-गाळे कोणाच्या नावावर ठेवायचे, हे कर्ज काढायच्या आधी ठरवा

आमच्या काकानं तालुक्याच्या बसस्टँडजवळ दोन गाळे आन् मागं चार खोल्या काढल्या होत्या, खोल्यांत मास्तर, नर्सबाई असे नोकरीवाले किरायानं राहायचे. मग दोस्ताच्या कर्जाला काकानं जामीन म्हणून सही केली, त्या वर्षी दोस्ताचा कापूस गेला, कर्ज थकलं आन् पतसंस्थेनं १०१ चा दाखला (सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला) काढून काकाच्या गाळ्यांवर जप्ती आणली. काकाचं स्वतःचं एक रुपयाचं कर्ज नव्हतं भाऊ! पण कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

तर पहिले कागद पाहा. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून लोक मालकी सांगतात, पण तो कर आकारणीचा कागद आहे. खरेदीखत, सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड, वावरात बांधलं असेल तर अकृषक परवानगी, हे सगळं एका फायलीत लावा. जागा नझूलची (म्हणजे सरकारी) किंवा भोगवटादार वर्ग २ ची (म्हणजे विकायला-द्यायला सरकारची परवानगी लागते अशी) असेल तर परवानगीशिवाय हस्तांतराच्या नादी लागू नका. आजोबाच्या नावावर असेल तर आधी वारस फेरफार करा आन् त्यात बहिणींची नावं येऊ द्या, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे.

आता मुख्य गोष्ट. ज्याच्या नावावर धंदा आहे, म्हणजे कृषी केंद्र, ट्रॅक्टर, जिनिंगची भागीदारी, त्याच्याच नावावर किरायाची प्रॉपर्टी ठेवू नका. शेतकऱ्याचं स्वतः राहतं घर दिवाणी कोर्टाच्या जप्तीतून सुटतं, किरायानं दिलेल्या खोल्या सुटत नाहीत. बायकोच्या किंवा मोठ्या झालेल्या पोराच्या नावावर बक्षीसपत्र करता येतं, ते रजिस्टर लागतं, दोन साक्षीदार लागतात. राहण्याची जागा बायको-पोरांना द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो, आन् दुकानाच्या गाळ्याला ही २०० वाली सवलत नाही. पण एकदा दिलं की दिलं, मनात आलं म्हणून परत घेता येत नाही, म्हणून म्हाताऱ्या मायबापानं देताना "सांभाळ करावा" ही अट कागदात लिहूनच घ्यावी, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मग दाद मागता येते.

बायकोला फुकट दिलेल्या प्रॉपर्टीचा किराया इन्कम टॅक्समध्ये नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, टॅक्स वाचेल या आशेनं करू नका. आन् बँकेत कर्ज काढताना तिचीच सही जामीनदार म्हणून घेतली तर सगळं केलेलं वाया, ही चूक मी घरोघरी पाहतो.

थकबाकीची नोटीस आल्यावर घाईनं नाव बदललं तर कर्ज देणाऱ्याला बुडवायसाठी केलेलं हस्तांतर म्हणून १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली ते रद्द करून घेता येतं. साळ्याच्या नावावर पैसे आपले टाकून घेणं तर बेनामी, त्यात १ ते ७ वर्षं सक्तमजुरी आहे.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) किंवा कंपनी काढा असं कोणी सांगेल. चार खोल्यांसाठी नको. दरवर्षी फॉर्म भरा, प्रॉपर्टी तिकडं वळवायला पुन्हा मुद्रांक शुल्क भरा, आन् बँक कर्ज देताना तुमची वैयक्तिक हमी मागतेच. पाच-सहा भावंडांचे गाळे एकत्र असतील तर वकिलाला विचारून रजिस्टर्ड खासगी ट्रस्टचा विचार करा.

किरायदाराशी लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करा, आन् तो त्याच्याच नावानं करा ज्याच्या नावावर प्रॉपर्टी आहे, किरायाही त्याच्याच खात्यात घ्या. पत्नीच्या नावावर खोल्या, करार नवऱ्याचा, पैसे पोराच्या फोनवर, असं असेल तर मालक नक्की कोण हे कोर्टात सांगता सांगता नाकीनऊ येतात. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या शहरात करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकावरच आहे, नाही केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

शेवटी मृत्यूपत्र. ते साध्या कागदावरही चालतं, पण दोन साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या आन् ज्यांना वाटा मिळणार ते नसावेत.