अफवेच्या दिवशी सहकारी बँकेने ठेवीदारांशी कसे बोलावे

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा इतर बँकाही बंद होणार असल्याचे संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागले आणि त्यांचा इन्कार खुद्द रिझर्व्ह बँकेला ट्विटरवरून करावा लागला. आता पैसे काढायला रांगेत उभे राहण्याचीही गरज उरलेली नाही. ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ठेवीदारांनी एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढून घेण्याचे व्यवहार केले. संचालक मंडळाची बैठक भरेपर्यंत थांबणे म्हणूनच परवडत नाही. पहिला खुलासा प्रसिद्ध करण्याचा अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आधीच ठराव करून द्यावा.

खुलाशाचा मजकूर सर्वांत आधी शाखांना कळवावा, कारण घाबरलेला ठेवीदार बँकेचे फेसबुक पान उघडण्याआधी ओळखीच्या रोखपालाला फोन लावतो आणि त्याच्या तोंडून ‘मला काही माहीत नाही’ एवढे ऐकले तरी शाखेकडे निघतो.

मजकूर लेटरहेडवर, पण चार ओळींचाच असावा: ‘आज सकाळी ११ वाजता आपल्या बँकेच्या सर्व शाखा व एटीएम नेहमीप्रमाणे सुरू आहेत. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध नाहीत. पुढील माहिती दुपारी २ वाजता देऊ.’ खुलासा चित्र म्हणून पाठवताना तारीख आणि वेळ त्या चित्रातच छापावी, कारण पुढे पाठवलेल्या संदेशाची मूळ वेळ कळत नाही आणि जुना खुलासा महिन्यांनी पुन्हा फिरून नवी घबराट निर्माण करतो. मूळ अफवेचा स्क्रीनशॉट त्यात जोडू नये; ज्यांच्यापर्यंत ती पोहोचली नव्हती, त्यांच्यापर्यंत आपणच ती पोहोचवतो. दुपारी २ वाजता सांगण्यासारखे नवे काही नसले, तरी तेवढेच सांगावे, पण दिलेली वेळ चुकवू नये.

फेसबुक पानावरील रागाच्या प्रतिक्रिया पुसून टाकू नयेत. अफवेबद्दल सायबर पोलिसांकडे तक्रार अवश्य करावी, मात्र खुलाशात तिला पहिले स्थान देऊ नये, कारण ठेवीदाराला आधी आपल्या पैशांची काळजी असते.

निर्बंध खरोखरच आले असतील, तर ते लपवणे हा ठेवीदारांशी द्रोह आहे. पैसे काढण्याची मर्यादा स्पष्ट लिहावी, ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विमासंरक्षण असल्याचे आणि २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार ती रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद असल्याचे सांगावे. पतसंस्थांना हे संरक्षण नाही, त्यामुळे त्यांनी बँकांचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेऊ नये.