बॉल मिलमध्ये खनिज दळताय? या चुका टाळा

पुण्याजवळच्या वाघोलीकडच्या क्रशरवरून आणलेली काळ्या दगडाची (बेसाल्टची) कच आम्ही बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी भरलेल्या फिरत्या जारमध्ये, पहिल्यांदा दळली, ती सलग आठ तास. पूड पिठासारखी मऊ झाली. पण सौम्य आम्लात टाकल्यावर चार तास दळलेल्या नमुन्यापेक्षा कमीच कॅल्शियम सुटलं. दोन दिवस आम्ही आम्लालाच दोष देत होतो. चूक दळण्यात होती.

दळताना दोन वेगळ्या गोष्टी घडतात. कण फुटून पृष्ठभाग वाढतो आणि स्फटिकाची आतली रचना विस्कटते. खनिज खऱ्या अर्थानं सक्रिय होतं, म्हणजे तेवढ्याच पृष्ठभागातून जास्त वेगानं विरघळू लागतं, ते दुसऱ्या गोष्टीमुळे. फार वेळ दळलं की बारीक कण पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि कमावलेला पृष्ठभाग हातचा जातो. चाळणीवरून यातलं काहीच नीट कळत नाही. म्हणून अर्धा, एक, दोन, चार तासांनी थोडी थोडी पूड काढून ठेवा. नायट्रोजन शोषणानं पृष्ठभाग मोजा, क्ष-किरण विवर्तनही (स्फटिकाची रचना दाखवणारी चाचणी) करा. विवर्तनाच्या आलेखातली शिखरं बुटकी आणि रुंद झाली, तर रचना विस्कटतेय. मग विरघळण्याच्या वेगाला पृष्ठभागानं भागा. भागाकार तसाच राहिला तर पूड नुसती बारीक झाली आहे, सक्रिय नाही. एवढं एक गणित केलं तरी निम्मे गैरसमज मिटतात.

पूड जारच्या भिंतीला थापली जात असेल तर लोक लगेच पाणी घालतात. ओल्या दळणात कण छान सुटे राहतात, पण रचना सहसा कमी विस्कटते. शिवाय खनिज दळतानाच पाण्यात उतरू लागतं. ते पाणी फेकू नका, तपासा.

वेगातही लोक चुकतात. साध्या फिरत्या मिलचा क्रांतिक वेग (कमाल मर्यादेचा वेग) काढायला ४२.३ ला (जारचा व्यास वजा गोळ्याचा व्यास) याच्या वर्गमुळानं भागा, मापं मीटरमध्ये. ३० सेंटिमीटरच्या जारमध्ये २ सेंटिमीटरचे गोळे असतील तर तो मिनिटाला सुमारे ८० फेरे येतो. त्यापुढे गोळे भिंतीला चिकटून नुसते फिरतात. ५२ ते ६० फेऱ्यांवर ते उंच जाऊन खाली आदळतात आणि दळण नीट होतं.

पोलादी गोळ्यांतून पुडीत लोखंड येतं, ते चुंबकानं काढू असं वाटतं. आपल्या दख्खनच्या बेसाल्टवर हा उपाय करू नका! त्यात मुळातच मॅग्नेटाइट असतं, चुंबक तेही ओढून घेतो आणि नमुनाच बदलतो. त्यापेक्षा दळण्याआधी आणि नंतर गोळे धुऊन, वाळवून त्यांचं वजन करा, झीज कळते. लोखंड अजिबात नको असेल तर झिरकोनियाचे (कठीण सिरॅमिकचे) गोळे घ्या. अकीक टाळा, कारण तो स्वतःच सिलिका आहे. विरघळलेली सिलिका मोजणार असाल तर हिशेब बिघडेल.

वाघोलीच्या दगडात झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांची खनिजं) भरपूर सापडतात. त्यांची आयन अदलाबदलीची क्षमता हवी असेल तर जास्त दळू नका. रचना मोडली की ती क्षमताही जाते. प्लॅनेटरी मिल (जिच्यात जार स्वतःभोवती आणि मधल्या अक्षाभोवतीही फिरतो) असेल तर दहा मिनिटं दळून दहा मिनिटं विश्रांती द्या आणि जार गार झाल्यावरच उघडा.

विरघळण्याच्या चाचणीत पहिल्या तासाचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. आधी अतिसूक्ष्म कण झपाट्यानं विरघळतात, मग वेग मंदावतो. चाचणी काही दिवस चालू द्या आणि सामू प्रत्येक वेळी नोंदवा. न दळलेला नमुनाही सोबत ठेवाच.

पुण्याच्या पावसाळ्यात ताजी पूड उघडी ठेवली की ती हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषू लागते. दळल्या दळल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, बाटली सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा आणि लेबलवर दळल्याची तारीख लिहा.