पावसाळ्यात स्टार्च-एलडीपीई फिल्म काढताना

स्टार्च मिसळलेल्या एलडीपीईच्या (पिशव्यांचं मऊ प्लास्टिक, कमी घनतेचं पॉलिइथिलीन) फिल्मला भोकं पडत असतील, फुगा (हवा भरून फुगवलेली फिल्मची नळी) वारंवार फाटत असेल, तर तापमानाची बटणं फिरवण्याआधी स्टार्चमधलं पाणी बघा. मक्याच्या स्टार्चमध्ये 10 ते 12 टक्के ओलावा असतो. 25 किलोच्या गोणीत जवळपास 3 किलो पाणीच. मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्ये त्याची वाफ होते आणि डायच्या (वितळलेलं प्लास्टिक बाहेर पडतं तो साचा) तोंडाशी ती फिल्म फोडून निघते. ओलावा 1 टक्क्याच्या खाली आणायचा.

ट्रेमध्ये दोन सेंटिमीटरचा थर, 105 अंशांवर रात्रभर. 10 ग्रॅम नमुना तासाभराच्या अंतराने तोला; लागोपाठ दोन वजनं सारखी आली की सुकलं. मग थंड व्हायची वाट न बघता जाड पिशवीत हवाबंद करा. नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या जुलैमधल्या हवेत ट्रे उघडा राहिला, तर स्टार्च लगेच पुन्हा पाणी ओढतं.

25 किलोसाठी: एलडीपीई दाणा 21 किलो, सुकं स्टार्च 3 किलो, मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पॉलिइथिलीन 1 किलो. हे शेवटचं महाग, म्हणून तेच गाळायचा मोह होतो. गाळलंत तर स्टार्चच्या कणाला पॉलिइथिलीन धरत नाही. ताण आला की कणाभोवती पोकळी पडते आणि फिल्म फारशी न लांबताच तुटते. तसंही स्टार्च वाढवाल तसं लांबणं घटतंच.

स्टार्चची पावडर थेट फिल्म मशीनच्या हॉपरमध्ये (माल ओतायच्या नरसाळ्यात) ओतू नका, ती दाण्यापासून वेगळी होऊन तळाशी बसते. आधी व्हॅक्यूम व्हेंट (वाफ ओढून घेणारं तोंड) असलेल्या ट्विन-स्क्रूवर, म्हणजे दोन स्क्रूंच्या मिक्सिंग मशीनवर, 150 ते 165 अंशांत सगळ्याचा मिळून दाणा बनवा. पाण्यात थंड केलेला दाणा 70 अंशांवर चार तास पुन्हा सुकवा. 200 च्या वर गेलात की भाकरी करपल्याचा वास येतो, मग तपकिरी ठिपके. मशीन बंद करण्याआधी साधं एलडीपीई चालवून स्क्रू धुऊन काढा. आत अडकलेलं स्टार्च दुसऱ्या दिवशी ठिपके होऊनच बाहेर येतं.

मक्याचा कण साधारण 15 मायक्रॉनचा, काही 25 पर्यंत. त्यामुळे 20 मायक्रॉनची फिल्म मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा, किंवा बारीक कणाचं तांदळाचं स्टार्च वापरा.

स्टार्च सगळीकडे सारखं पसरलंय का? फिल्मच्या कापलेल्या कडेवर पातळ आयोडीनचा थेंब टाका. निळसर-काळी छटा एकसारखी हवी. गडद पुंजके दिसले तर मिक्सिंग कच्चं.

आणि पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ छापू नका. जंतू स्टार्च खातात, पॉलिइथिलीनचे तुकडे तसेच उरतात. त्या छपाईसाठी आयएस/आयएसओ 17088 या कंपोस्टेबल प्लास्टिकच्या मानकाची चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. हे मिश्रण त्यात बसणार नाही.