कोड बदलला, तरी पट्टी जुन्याच दराची? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की अडत दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा तगादा लागतो. हमालीचा दर बदला, तोलाईची ओळ वर घ्या. तुम्ही दर बदलता, फाइल सेव्ह करता, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब) काढता, तर हमाली जुन्याच दरानं कापलेली! इथं बहुतेक जण परत कोडमध्ये शिरतात. थांबा, आधी उत्तर कुठली प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) देतेय ते बघा. नवी फाइल डिस्कवर आहे, पण चालतोय मेमरीत चढलेला कोड. पायथन ही भाषा एकदा इम्पोर्ट केलेलं मॉड्यूल (कोडची फाइल) ती प्रोसेस संपेपर्यंत आपणहून परत वाचत नाही.

त्या फाइलमध्ये मुद्दाम एक तोडकीमोडकी ओळ टाका (आपल्या मशीनवरच, गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर नको). पट्टी तरीही बिनबोभाट निघाली, तर तुमची फाइल कुणी वाचतच नाहीये. बऱ्याचदा विसरलेल्या टर्मिनलमधला जुना सर्व्हर ८००० पोर्ट (सर्व्हरचा दार-क्रमांक) धरून बसलेला असतो. नवा सर्व्हर ८००१ वर चालू केलेला, आणि ब्राउझर अजून ८००० वरच.

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कचा रनसर्व्हर (कोड लिहिताना वापरायचा सर्व्हर) बदल दिसताच स्वतः रीस्टार्ट होतो, त्याची सवय लागते. मेसेज पाठवण्यासारखी कामं मागच्या मागे करणाऱ्या सेलरीचा वर्कर तसं करत नाही. स्क्रीनवर नवा दर आणि शेतकऱ्याला गेलेल्या मेसेजमध्ये जुना, असं दिसलं की वर्कर बंद करून चालू करा. हा घोळ सगळ्यात उशिरा सापडतो, कारण स्क्रीन बरोबर असल्यावर कोण संशय घेणार?

फ्लास्क या पायथनच्या दुसऱ्या फ्रेमवर्कचा रीलोडर (बदल दिसताच सर्व्हर रीस्टार्ट करणारा भाग) दोन प्रोसेस चालवतो. फाइलच्या सुरुवातीलाच शेड्यूलर (ठरल्या वेळी कामं करणारा) लावला असेल, तर एकच मेसेज दोनदा जाऊ शकतो.

विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरत असाल, तर प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवू नका. तिथल्या बदलाची खबर लिनक्सच्या बाजूला पोचत नाही.

लाइव्ह सर्व्हरची तऱ्हा वेगळी. गनिकॉर्न या पायथनच्या लाइव्ह सर्व्हरमध्ये प्रीलोड (कोड आधीच एकदा चढवून ठेवणं) चालू असेल, तर हप सिग्नलनं (रीलोड करायच्या इशाऱ्यानं) नवा कोड येत नाही, पूर्ण रीस्टार्टच लागतो. पीएचपीच्या ओपीकॅशमध्ये (तयार कोड मेमरीत साठवणाऱ्या भागात) व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स बंद असेल, तर फाइल बदलली की नाही हे तो बघतच नाही, एफपीएम (पीएचपी चालवणारी सर्व्हिस) रीलोड करा. आणि रीस्टार्टचा कंटाळा म्हणून लाइव्हवर फ्लास्कचा डीबग मोड चालू ठेवणं हा निव्वळ आततायीपणा आहे: एरर आली की त्या पानावर पायथन चालवायचा कन्सोल उघडा पडतो, आणि मध्ये असतो फक्त एक पिन.