चिनी वाडगा आधी पालथा करून बघा

शहापुरात माझं जुन्या भांड्यांचं दुकान आहे. तांब्या-पितळेच्या राशीत कधीतरी रंगीत चिनी वाडगा येतो, आणि आणणारा आधी किंमत विचारतो. मी आधी वाडगा पालथा करते. चित्राची नक्कल जमते, बुडाची सहसा जमत नाही.

जमिनीवर चादर दुमडून पसरा, अंगठ्या-बांगड्या काढा, दोन्ही हातांनी खालून धरा. काठाला धरून कधीच उचलू नका.

बुडाच्या कड्याला चकाकी (भांड्यावरचा काचेसारखा लेप) नसते, तिथे उघडी माती दिसते. खऱ्या पोर्सेलीनची, म्हणजे अशा अस्सल चिनी भांड्याची, माती पांढरी आणि बारीक असते. आपल्या लोणच्याच्या बरणीची भुरकट, जाडसर. मागून टॉर्च धरला तर पातळ वाडग्यातून बोटांची सावली दिसते, बरणीतून काही दिसत नाही. वापराने कडा कुठे कमी, कुठे जास्त झिजतो. सगळीकडे सारखाच तपकिरी मळ असेल तर तो मुद्दाम लावलेला समजा.

आता डोळे मिटून चित्रावरून बोट फिरवा. निळा रंग कोबाल्टचा. तो चकाकीच्या खाली असतो आणि सुमारे १३०० अंशांवर भाजला जातो, म्हणून बोटाला लागत नाही. गुलाबी, हिरवा, सोनेरी हे रंग वरून देऊन कमी आचेवर पुन्हा भाजतात. ते किंचित उठून लागतात. गुलाबी रंग चिनी भांड्यांवर १७२०च्या सुमारास आला. बुडाशी खांगशी बादशहाचा (१६६२–१७२२) शिक्का आणि वर गुलाबी फुलांची गर्दी दिसली, तर शंका घ्या. हा शिक्का एकोणिसाव्या शतकातही सर्रास मारत. इंग्रजीत ‘चायना’ लिहिलेलं असेल तर भांडं बहुधा १८९१नंतरचं, कारण तेव्हापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या एक मावशी इरकलीच्या तुकड्यात गुंडाळून निळा वाडगा घेऊन आल्या. सासूचं माहेर गोव्याचं, तिकडून आलेला. पोर्तुगीजांच्या काळात चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावहून गोव्यात असा माल येतच असे. तडा गेला होता आणि तो पितळी टाक्यांनी जोडलेला होता. टाके काढून नव्या गोंदाने चिकटवायचा त्यांचा विचार होता. मी म्हटलं, “मावशी, हात लावू नका. त्या कारागिराने आरपार न जाता अर्ध्या जाडीत भोकं पाडलीत, बघा.” जुना सांधा हा वाडग्याच्या आयुष्याचा भाग आहे, तो तसाच राहू द्यावा.

धुताना प्लास्टिकच्या टबात तळाशी फडकं घाला, कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाका, मऊ ब्रश वापरा. चिंच, राख, घासणी नको. सगळ्यात आधी सोनेरी रंग जातो. तडा किंवा टाके असतील तर पाण्यात बुडवूच नका, ओल्या फडक्याने पुसा. वरून दिलेल्या रंगांत शिसं असू शकतं, आंबटाने ते सुटतं. म्हणून ताक, सोलकढी, लोणचं त्यात नको.

वाडगा शंभर वर्षांहून जुना असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याने तो खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. दुबईच्या भाच्याच्या बॅगेत घालू नका.

तो कुणाचा, कुठून आला, हे कागदावर लिहून वाडग्यात ठेवा. चिकटपट्टी मात्र लावू नका, काढताना रंग सोलून येतो.