सुरतेतल्या इंग्रज आणि वलंदेज (डच) कबरी कशा पाहाव्यात

मराठी माणसाला सुरत आठवते ती १६६४च्या लुटीमुळे. त्या जानेवारीत महाराजांची फौज शहरात असताना आपली वखार लढवणारा इंग्रज प्रमुख जॉर्ज ऑक्झिंडन याच शहरात पुरलेला आहे. राज्याभिषेकाला रायगडावर आलेला ऑक्झिंडन तो हाच, असा अनेकांचा समज असतो. तो हेन्री. जॉर्ज १६६९ मध्येच वारला होता.

मुंबईहून सकाळची गाडी धरली तर तीन-चार तासांत सुरत. स्टेशनवर रिक्षावाल्याला नुसते ‘कब्रस्तान’ सांगू नका, भलतीकडे नेऊन सोडेल. ‘कतारगाम दरवाजा, अंग्रेजोंका पुराना कब्रस्तान’ असे सांगा. वलंदेजांचे आणि आर्मेनियनांचे कब्रस्तान तिथून जवळच, एकमेकांना लागून आहे. तिन्ही मिळून अर्धा दिवस ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत वाढते, पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि सापाची भीती असते, म्हणून तेव्हा बंद बूट हवेतच. फाटकाला कुलूप दिसले तर लगेच परत फिरू नका, चौकीदार बहुधा आसपास असतो. साध्या कॅमेऱ्याला कोणी हरकत घेत नाही, पण जागा पुरातत्त्व खात्याची असल्याने कॅमेऱ्याच्या तिपाईला (ट्रायपॉडला) आधी परवानगी लागते.

आत गेल्यावर थेट शिलालेखाकडे धावू नका. आधी ऑक्झिंडन बंधूंच्या कबरीभोवती लांबून एक फेरी मारा. ही दुमजली वास्तू सुमारे ४० फूट उंच आहे: जाड खांब, घुमटावर घुमट, भोवती सज्जा. क्रिस्टोफर १६५९ मध्ये वारला, त्याची कबर आधीची. दहा वर्षांनी जॉर्ज गेला, तेव्हा तिच्यावर हा मोठा डोलारा चढला. ख्रिश्चन कबरीवर घुमट आणि छत्र्या कशा, असा प्रश्न पडेल. मोठ्या माणसाची कबर कशी असावी याचा नमुना या व्यापाऱ्यांपुढे गुजरातेतल्या मुसलमानी मकबऱ्यांचा होता, आणि बाजारात आपली पत दिसावी हाही हेतू होताच.

मग लेख वाचा. भाषा लॅटिन, अक्षरे झिजलेली. टॉर्च समोरून मारला तर सगळे सपाट दिसते. तो दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा, म्हणजे खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून येते. खडू, पीठ किंवा पाणी लावून अक्षरे उठवायचा मोह टाळा, दगड त्यानेच खराब होतो. रोमन आकड्यांत एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो. क्रिस्टोफरचा लेख तर चक्क व्यापाऱ्याच्या खतावणीच्या भाषेत आहे: मृत्यूने अचानक हिशेब मागितला, मालकांनी नोकर गमावला, सोबत्यांनी मित्र, आणि त्याच्या बाजूला मात्र नफा. इथे खुशाल वेळ घालवा.

वलंदेजांकडे मुख्य आकर्षण हेंड्रिक व्हान रीडची कबर. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ सिद्ध करणारा हाच, मृत्यू १६९१. हिच्या भिंतींवर पूर्वी चित्रे आणि खिडक्यांना कोरीव लाकूडकाम होते असे जुनी वर्णने सांगतात. आज ते शोधत बसू नका, प्रमाणबद्धता पाहा. वरच्या मजल्यावर चौकीदाराला विचारल्याशिवाय चढायचे नाही. फोटोसाठी उन्हं कललेली हवीत, भर दुपारी चुन्याचा गिलावा नुसता पांढरा फटक येतो.

आर्मेनियनांकडे घुमट नाहीत, जमिनीलगत आडव्या कोरीव शिळा आहेत. फरसबंदी समजून लोक त्यांच्यावरून चालतात. कडेकडेने जा.