मच की मेनी? पैसे, केस आणि तांदूळ इथेच घोळ होतो, या चुका टाळा

मराठीत एकच 'खूप' सगळीकडे चालतं, खूप पाणी, खूप माणसं, खूप काम. इंग्लिशमध्ये मोजता येतं त्याला मेनी, येत नाही त्याला मच, हे शाळेपासून पाठ असतं, तरी बोलताना चुकतंच, कारण मोजता येतं की नाही हे आपण मराठीतून ठरवतो.

मराठीत पैसे संपले, केस गळले, तांदूळ निवडले, सगळं अनेकवचन. म्हणून तोंडात पटकन येतं 'हाऊ मेनी मनी', 'माय हेअर्स आर फॉलिंग'. पण इंग्लिशमध्ये मनी, हेअर, राइस तिन्ही एकवचनीच, त्यामुळे हाऊ मच मनी आणि माय हेअर इज फॉलिंग आउट. नोटा तर मोजता येतात की, असं वाटतं ना? मग नोटा मोजा, हाऊ मेनी रुपीज एकदम बरोबर आहे, मनी हा शब्द तेवढा मोजायचा नाही. आणि भाजीत एखादा केस सापडला तर तो मात्र अ हेअर.

इन्फॉर्मेशन्स, फर्निचर्स, लगेजेस, अ‍ॅडव्हायसेस हे तर ऑफिसच्या मेलमध्ये रोज दिसतं. यांना एस लागतच नाही. आकडा सांगायचाच असेल तर टू पीसेस ऑफ फर्निचर, थ्री बॅग्ज असं म्हणा. 'आय हॅव मेनी वर्क्स' पण नको, अ लॉट ऑफ वर्क म्हणा, नुसतं मच वर्क साध्या वाक्यात जरा पुस्तकी वाटतं. टाइमकडे नीट बघा, मच टाइम म्हणजे खूप वेळ आणि मेनी टाइम्स म्हणजे खूपदा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. माझ्या भाचीने इंटर्नशिपच्या मेलमध्ये लिहिलं होतं 'आय हॅव फ्यू क्वेश्चन्स' आणि खाली चांगले चार प्रश्न. नुसतं फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीतच, अ फ्यू म्हणजे थोडे आहेत, एवढ्याशा 'अ'ने अर्थ उलटा होतो, आणि मराठीत असला 'अ' नसल्यामुळे तो आपल्या हातून सहज गळतो. लिटल आणि अ लिटलचंही तेच, फक्त ते पाणी, वेळ, दूध असल्या गोष्टींना.

'कमी' म्हणताना मोजता येतं त्याला फ्युअर, येत नाही त्याला लेस. बोलताना इंग्रज लोकसुद्धा लेस पीपल म्हणून जातात, तुम्ही परीक्षेत मात्र फ्युअर पीपलच लिहा.

ऐनवेळी अडलात तर अ लॉट ऑफ दोन्हीकडे चालतं. आणि घरी असाल तर इंग्लिश शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी उघडा, शब्दापुढे सी असेल तर मोजता येतो, यू असेल तर नाही.